पुढच्या दाराचं कुलूप

आमच्या घरात इंग्रजीतले मोजकेच शब्द होते. कंपनी, शिफ्ट, स्लॅब, हे अण्णानं कामावरून आणलेले. ‘व्हिजिट’ मात्र बाहेरून चालत आला आणि मायच्या तोंडात त्याचं ‘इजिट’ झालं. “इजिटवाला आला गं,” असं ती म्हणायची ते दूध नासल्याचं सांगावं तशा आवाजात. त्या माणसाला नाव होतं, ते त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलंही होतं, पण ते लक्षात ठेवण्याची तसदी आमच्यापैकी कुणी घेतली नाही. तो घरकर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस. हप्ते थकले की कंपनी आधी पत्र पाठवायची आणि मग ह्याला. पैसे मागायचं काम ह्याचं नव्हतं, त्यासाठी वेगळी दांडगी माणसं होती. हा फक्त घर बघायचा. घरात कुणी राहतं का, परस्पर भाड्यानं दिलं का, दारं-खिडक्या काढून विकल्या का, एवढं पाहून कागदावर लिहायचं, एक फोटो काढायचा आणि जायचं. समोरच्या लिंबाखाली मोपेड लावायचा आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून रस्ता ओलांडायचा. त्या काळी जालन्यात हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे भित्रा, अशी माझी पक्की समजूत होती. त्याच्या खिशाला दोन पेनं असायची, त्यातल्या एकाला टोपण नसायचं आणि खिशाच्या खाली शाईचा डाग पडलेला असायचा. दुसऱ्याचं घर तपासायला निघालेल्या माणसाला स्वतःचा खिसा सांभाळता येऊ नये, याचं मला फार हसू यायचं.

घर तसं दोन खोल्यांचंच. सळयांच्या कारखान्यांच्या पलीकडे नवीन प्लॉट पडले होते, तिथं अण्णानं बांधलं. वाऱ्याची दिशा बदलली की भट्ट्यांची काळी भुकटी दोरीवरच्या कपड्यांवर यायची, आणि रोलिंग मिलचा तो घर्र आवाज आमच्या अंगात इतका मुरला होता की तो थांबला तरच आम्ही दचकायचो. अण्णाचा बाप, आजा, पणजा सगळे मेंढरांमागं फिरलेले. परतूरच्या बाजूला रानोरान कापडी पाल टाकायचे, मेंढरं बसवायची, चार दिवसांनी पाल उचलायचं. अण्णा स्वतः पालातच जन्मला आणि त्याला त्याची लाज होती, हे मी आज सरळ लिहिते. त्याला छताचं इतकं वेड की स्लॅब पडला त्या दिवशी तो वर जाऊन दुपारभर उन्हात बसला. आणि दार बसायच्याही आधी त्यानं मस्तगडाच्या बाजारातून एक कुलूप आणलं, चांगलं तळहाताएवढं, पितळी. आमच्या सात पिढ्यांत कुलूप विकत घेणारा तो पहिला. कापडाच्या पालाला कुलूप कुठं लावणार? वास्तूच्या जेवणाला म्हादूकाका, म्हणजे अण्णाचा थोरला भाऊ, घोंगडी खांद्यावर टाकून आला होता. त्यानं ते कुलूप हातात घेऊन वजन केलं आणि विचारलं, “हे कशापाई रे?”

“चोराचिलटापाई,” अण्णा म्हणाला.

“आमच्या पालाला न्हाई, तरी बी कुणी उचलून नेत न्हाई,” म्हादूकाका म्हणाला, आणि पंगतीत सगळे हसले. अण्णा हसला नाही. मीही हसले नाही, कारण मला त्या घोंगडीच्या वासाची लाज वाटत होती. मी कॉलेजात जाणारी होते, माझ्या वहीवर माझं नाव इंग्रजीत होतं, आणि जगात कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे मला बघताक्षणी कळतं असा माझा दावा होता.

मग अण्णाची मिल बंद पडली. आधी दोन शिफ्टची एक झाली, मग आठवड्यातून तीन दिवस आणि मग फाटकावर कागद. अण्णा कधी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या दुरुस्तीवर जायचा, कधी कुणाची ग्रील जोडून द्यायचा, बाकी दिवस ओट्यावर बसून रस्ता बघायचा. हप्ते राहिले आणि इजिटवाला आला. पहिल्या खेपेला मायनं त्याला पाणी दिलं. आमच्यात दारी आलेल्याला आधी पाणी आणि मग काय ते बोलणं. आलेला माणूस वैरी असला तरी हा क्रम चुकत नाही. तो उभ्यानंच पाणी प्याला, हेल्मेटची काच वर करून, आणि मग सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात विचारू लागला. घरात किती जण राहता, वरचा मजला काढायचा विचार आहे का, भाडेकरू आहे का, मीटर कुणाच्या नावावर आहे. समोरच्या ओट्यावर मोरे गुरुजी वर्तमानपत्र धरून बसले होते. ते रिटायर झालेले, मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलेलं. त्या अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलं नाही.

शेवटी तो म्हणाला, “फोटो घ्यावा लागतो. मालक दारात उभे राहिले तर बराबर होईल.” आणि माझा बाप आत गेला, ट्रंकेतला इस्त्रीचा शर्ट घालून आला, केसांना पाणी लावलं, दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला आणि हसला. कर्ज थकवलेल्या घराचा पुरावा म्हणून निघणाऱ्या फोटोत तो हसला. मला आजवर कुणाचा इतका संताप आला नसेल. इजिटवाल्याचा नाही, अण्णाचा. आत जाऊन मी मायला म्हणाले, “हा माणूस आता आपल्या दारात पाऊल ठेवणार न्हाई, बघच तू.”

कल्पना माझी होती. मी ती कुणावर ढकलत नाही. रस्त्याच्या टोकाला मोपेडचा आवाज ओळखू यायचा, वर चढताना ती दोनदा खोकायची. तो आवाज आला की मी बाहेर येऊन पुढच्या दाराला अण्णाचं पितळी कुलूप लावायचं, घराला वळसा घालून मागची बुटकी भिंत चढायची आणि मोरीच्या दारातून आत शिरून कडी घालायची. मग आम्ही चौघं, अण्णा, माय, माझा धाकटा भाऊ बाळू आणि मी, बाहेरून कुलूप असलेल्या आमच्याच घरात गप बसायचो. मायला हे पहिल्यापासून पटलं नाही.

“दारी माणूस आला आन् आपण लपून बसावं? आपण काय खून करून बसलोत?”

“तो माणूस न्हाई, इजिटवाला हाये,” मी म्हणायचे.

“तहान तर लागत आसंल त्याला बी.”

“लागू दे.”

 अण्णा खाटेच्या काठावर बसून पायाच्या अंगठ्यानं फरशीची सांध कोरत राहायचा. मला वाटायचं त्याला पटलंय.

तीन महिन्यांत तो तीनदा आला आणि तीनदा कुलूप बघून गेला. त्या बसण्यातली एकेक खूण अजून कानात आहे. मोपेडचा स्टँड खाली पडल्याचा खट आवाज, मग त्याच्या चपला, मग मीटरच्या पेटीचं झाकण. दारावर दोन टकटक, त्याही भीत भीत. मग पुष्कळ वेळ काहीच नाही, नुसतं कागदावर काहीतरी खरडल्याचं. खिडकीच्या फटीतून मला त्याचं अर्धं हेल्मेट दिसायचं. तो घराभोवती चक्कर मारायचा, मागं मोरीचं पाणी जिथं रस्त्याच्या नालीत उतरतं तिथं थांबायचा, परत पुढं यायचा. मायचं काम ह्या सगळ्यात थांबायचं नाही. भाकरी थापण्याचा आवाज होईल म्हणून मी तिला अडवायचे, तर ती आमटी ढवळत बसायची, मुद्दाम ढवळत बसायची. तिसऱ्या खेपेला त्यानं “कुणी आहे का घरात?” असं विचारलं आणि स्वतःशीच “नाही” असं म्हणाला. मला हसू आवरेना. मी पदरात, म्हणजे ओढणीत, तोंड कोंबलं तरी ते बाहेर फुटलंच. तो गेला की मी डोक्यावर पातेलं घालून त्याची नक्कल करायचे, घाबरत घाबरत टकटक करायचे आणि बाळू लोळून लोळून हसायचा. एका माणसाला आपण मूर्ख बनवू शकतो याचा तो आनंद होता. दुसरा कसलाच आनंद त्या वर्षी घरात नव्हता, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल.

हल्ली घरं तपासायला येणारी पोरं हेल्मेट काढून सेल्फी काढल्यासारखा दाराचा फोटो काढतात, त्यावर जागा, वेळ सगळं आपोआप उमटतं, आणि ती पाच मिनिटांत पुढच्या दाराला जातात. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत असाच एक जण आला. दाराला कुलूप होतं. त्यानं इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही, कानात बोळे घालून गाणी ऐकत फोटो काढला आणि गेला. मला त्याची इतकी किळस आली की मीच चकित झाले.

आमच्या हुशारीत एक भोक होतं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. कुलूप एकट्या इजिटवाल्यालाच दिसत होतं असं नाही. मोपेड येताना आणि पोस्टमन येताना आवाज वेगळा, पण मी घाबरून दोन्हीला कुलूप लावू लागले होते. कंपनीची रजिस्टर पत्रं ‘दार बंद’ असा शेरा मारून परत गेली. औरंगाबादच्या कचेरीत बसलेल्या साहेबासमोर मग जे कागद गेले त्यात तीन तपासण्या, तिन्हीत कुलूप, आणि तीन परत आलेली पत्रं. अशा घराला तिथं रिकामं घर म्हणतात. राहतं घर ताब्यात घ्यायला पुष्कळ सोपस्कार लागतात. रिकाम्या घराला नुसतं दुसरं कुलूप लागतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला आलं असतं तरी आम्ही दार उघडलं नसतं.

ते आले ते भर दुपारी, जीपमधून. मी मोपेडसाठी कान लावून होते म्हणून मला आवाज ओळखू आला नाही, पण कुलूप सकाळपासूनच लावलेलं होतं. तोवर मला ती सवय झाली होती. माय येसर भाजून झाल्यावर त्याची आमटी फोडणीला घालत होती. धणे, डाळी, ज्वारी, सगळं खमंग भाजून दळलेलं ते पीठ फोडणीत पडलं की वास चार घरं जातो. अण्णा खाटेवर, बाळू माझ्या शेजारी. फटीतून मी पाहिलं तर पांढऱ्या शर्टातला एक साहेब, दोन कामगार, आणि फाईल घेतलेला आमचा इजिटवाला. आज हेल्मेट नव्हतं. डोक्यावर टक्कल होतं आणि त्यावर हेल्मेटचा वळ. मला तेवढ्यातही हसू आलं.

साहेबानं पंच म्हणून मोरे गुरुजींना बोलावलं. गुरुजी धोतर सावरत आले.

“हे घर किती दिवसांपासून बंद आहे?” साहेबानं विचारलं.

गुरुजींनी सकाळीच बाळूला आमच्या ओट्यावर दात घासताना पाहिलं होतं. अण्णाशी त्यांचा रामराम झाला होता. ते कुलपाकडे बघत म्हणाले, “आता कुलूप दिसून राह्यलंय, म्हणजे बंदच म्हणावं लागंल. आपल्याला लोकांच्या घरातलं काय ठाव?” आणि त्यांनी सही केली, तीच वळणदार सही जी माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर आहे. नेहमी खरे बोलावे हे वाक्य ह्या माणसानं माझ्याकडून शंभर वेळा गिरवून घेतलं होतं. ते वारले तेव्हा सगळी गल्ली गेली, मी गेले नाही.

“हाका मारा आणि आटपा,” साहेब इजिटवाल्याला म्हणाला. “तीन हाका, प्रतिसाद नाही, ताबा घेतला. पुढचा मजकूर छापलेलाच आहे.”

इजिटवाल्यानं हाक मारली. पहिली दाराकडे तोंड करून, आमच्या अण्णाचं पूर्ण नाव घेऊन. दुसरी मारायला तो दारापासून सरकून खिडकीशी आला. त्याचं तोंड आणि माझं तोंड यांच्यात एक फळी होती. तो म्हणाला, “मालक, घरात असाल तर आत्ता बोला. आज कुलूप लागलं तर ते मंग निघत न्हाई.” एरवी मिळमिळीत बोलणारा माणूस, पण ते वाक्य त्यानं असं म्हटलं की मला ते हाकेसारखं वाटलं नाही.

मी अण्णाकडे पाहिलं. त्याचा अंगठा फरशीवर थांबला होता. बोलायचं म्हणजे गल्लीसमोर कबूल करायचं की आम्ही तीन महिने उंदरासारखे लपून बसलो होतो, आणि नाही बोलायचं म्हणजे घर जाणार. इतकं सरळ होतं. आणि तरी मी ओठांवर बोट ठेवलं. अण्णाला, बाळूला, मायला, तिघांना दाखवलं. त्या पांढऱ्या शर्टासमोर, त्या गुरुजींसमोर, त्या टकल्यासमोर आतून ओ देण्यापेक्षा घर गेलेलं परवडलं, असं मला खरंच वाटलं. हे लिहिताना मला माझ्याविषयी जे वाटतं ते बाहेरच्या त्या तिघांविषयी वाटतं त्याहून फार वेगळं नाही.

तिसरी हाक झाली. मग पितळेवर लोखंड घासल्याचा आवाज आणि एक टक्क. त्यांचं कुलूप आमच्या कुलपावर बसलं. अण्णानं डोळे मिटले.

मायनं पळी पातेल्यावर ठेवली, हात पदराला पुसले आणि उठून खिडकीची फळी उघडली. ओरडली नाही, रडली नाही. शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, “उन्हाचे आलात. पाणी घेता का?”

 गुरुजी आपल्या ओट्याकडे चालू लागले. साहेब मागं सरकला आणि इजिटवाल्यावर उखडला, “तुम्ही तर तीनदा कुलूप लिहिलंय.”

“कुलूप होतं साहेब, म्हणून कुलूप लिहिलं,” तो म्हणाला. मग मायला म्हणाला, “द्या ताई. लई तहान लागलीय.”

मायनं गजांतून तांब्या दिला. तो घटाघटा प्याला, त्याची घाटी वरखाली होत होती, आणि त्या पाण्याकडे बघत साहेबाला छापील मजकुरावर काट मारावी लागली. घरात चार माणसं राहतात असं लिहिलं गेलं. कंपनीचं कुलूप निघालं, पण आमचं तसंच होतं आणि त्याची किल्ली माझ्या मुठीत होती. मोरीच्या दारानं जाऊन भिंत चढून यावं, तर ते सगळ्यांदेखत करायची माझी छाती होईना. “दे इकडं,” माय म्हणाली. मी किल्ली गजांतून बाहेर धरली आणि ती इजिटवाल्यानं घेतली. ज्याला बाहेर ठेवायला मी ते कुलूप लावत होते, त्यानं आमच्या किल्लीनं आमचं दार आमच्यासाठी उघडलं. उघडून तो आत आला नाही. किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाला, “उद्या कचेरीत या मालक. शर्ट कुठला बी चालतो.”

अण्णा गेला. मुदत मिळाली. म्हादूकाकानं अर्धा कळप परतूरच्या बाजारात विकायला उभा केला, तेही न मागता, आणि घोंगडीच्या टोकाला बांधून आणलेले पैसे मायच्या हातात दिले. कुलपाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, ही त्याची मोठी माणुसकी. पुढं दुसरी मिल निघाली, अण्णा लागला, मीही एका बियाण्याच्या कंपनीत चिकटले, आणि कर्ज फिटायला माझं लग्न होऊन मूल शाळेत जाईपर्यंतचा काळ गेला. पण घर राहिलं. इजिटवाला पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. खोट्या तपासण्या केल्या असा ठपका ठेवून त्याला काढलं, असं कचेरीत कुणीतरी अण्णाला सांगितलं. तेव्हा मला वाईट वाटलं म्हणावं तर ते खोटं होईल. म्हटलं, तीन वेळा येऊन ज्याला आतली चार माणसं कळली नाहीत, त्याला ठेवायचं तरी कशाला.

कर्ज फिटलं त्या दिवशी कंपनीनं घराची मूळ कागदपत्रं परत दिली. जुनी फाईल, दोरी बांधलेली. त्यात कुणाच्या तरी आळसानं तपासणीचे कागदही तसेच राहून गेले होते. अण्णा ओट्यावर बसला होता, चष्मा आत राहिला होता, म्हणाला, “वाच गं सुरेखा, काय काय दिलंय ते.” मी वाचू लागले. कुलपाच्या त्या तीन खेपांचे तीन कागद. तिन्हीवर शाईनं, दार : कुलूप. खाली शेऱ्याची जागा होती, तिथं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलेलं. साहेब लोक पेन्सिलीचं वाचत नाहीत. पहिल्यावर लिहिलं होतं, मोरी ओली, मीटर फिरते आहे. दुसऱ्यावर, येसराचा वास, घरात माणसे असावीत, ताबा घेऊ नये. तिसऱ्यावर, आत मुलगी हसली. पुन्हा यावे.

“काय लिव्हलंय?” अण्णानं विचारलं.

“काही न्हाई,” मी म्हणाले. “कुलूप.”